पालथ्या डोण्या

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजालासुद्धा न्याहारीला भाकरीबरोबर ताकच मिळायचं, आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता.

त्या राजाच्या मुलखात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात म्हशी पुष्कळ. फटफटलं की घराघरात रव्या फिरायला लागायच्या. लोणी वर आलं की बाई ते काढून आत ठेवायची आणि ताकाचा डेरा घेऊन दाराशी यायची. प्रत्येक म्हैसवाल्या घराच्या दारात एक दगडी डोणी होती. ताक त्या डोणीत ओतायचं. ज्याच्या घरी म्हैस नाही त्यानं भांडं घेऊन यायचं आणि भरून न्यायचं. विचारायचं नाही, हात जोडायचे नाहीत. "लोणी घराचं, ताक दाराचं," असं तिथं म्हणत. ताक विकणं त्या गावात कुणाच्या मनातही येत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, फुकट पिणारे लोक ते. तसं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की आधी पुरतं ऐकावं.

गावाच्या वरच्या अंगाला कुरण होतं. म्हशी नसलेले लोक ते कुरण राखायचे. पावसाळ्यात तिथं एकही जनावर जाऊ द्यायचे नाहीत. गवताचं बी गळून पडलं की मगच कापणी. उन्हाळ्याच्या तोंडाला कडेकडेनं गवत जाळून पट्टा करायचे, म्हणजे वणवा आत शिरत नसे. धावड्याची, अंजनाची जुनी झाडं होती, त्यांच्या मुळाशी ओढा उगम पावत होता. कुरणावर म्हशी जगत, म्हशींवर डोण्या भरत, डोण्यांवर कुरण राखणारे जगत. कुणी कुणाला काही दिलं असं कुणालाच वाटत नव्हतं.

डोणीचा आणखी एक नेम होता. घरात कुणी गेलं की त्या घरची डोणी पालथी घालायची. पालथी डोणी दिसली की वाटसरूनं जोडे काढायचे आणि "कोण गेलं?" म्हणून विचारायचं. दहा दिवस त्या घरी चूल नाही, गोड नाही, रवी नाही. अकराव्या दिवशी शेजारच्या दारचं ताक ओतूनच डोणी सरळ करायची. आपल्या घरचं चालायचं नाही. दुःखातून माणसाला शेजाऱ्यानंच बाहेर काढायचं असतं, हे त्या लोकांना कळत होतं.

कुरणाची मुख्य राखणदारीण होती म्हाळसा. वय झालेलं, कमरेला विळा, आवाज असा की खालच्या शिवारात ऐकू जावा. कुणाचं रेडकू कुरणात शिरलं तर ती रेडकाला काही बोलत नसे, त्याच्या मालकाच्या सात पिढ्या मोजून काढी. लोक तिला भीत आणि तिच्या भरवशावर निर्धास्त असत. तिच्या आजीनं ते कुरण जसंच्या तसं तिच्या हाती दिलं होतं, आणि तसंच पुढच्या हाती द्यायचं, एवढा एकच घोर म्हाळसाला होता.

तर एकदा काय झालं, शेजारच्या राज्याचा वकील दरबारात आला. येताना पेढ्यांची करंडी घेऊन आला. आपल्या राजानं त्याला आपल्याकडच्या रिवाजानं आलं-मीठ लावलेलं गार ताक दिलं. वकील ते प्यायला आणि मिशीत हसला. बोलला काहीच नाही, नुसता हसला. पण राजाला ते हसणं लागलं. एका मिशीतल्या हसण्यापायी किती रान जळतं, ते आता बघा.

राजानं हुकूम काढला, की यापुढं दरबारात ताक नको, पेढे हवेत. सरदाराला लिंबाएवढा पेढा, पाटलाला सुपारीएवढा. मग ज्याचा पेढा मोठा, त्याचं म्हणणं खरं ठरायला लागलं. पेढा मिळाला नाही तो माणूस घरी जाऊन बायकोवर ओरडायला लागला. माणसं भाकरीसाठी भांडतात ते मला समजतं. पण सुपारीएवढ्या गोळ्यासाठी मिशा पिळणारी माणसं बघितली की वाटतं, यांच्यापेक्षा म्हशीला अक्कल जास्त.

पेढ्याला खवा लागतो आणि खव्याला दूध. राजाच्या मुदपाकखान्याचा कारभारी गावोगाव फिरत फिरत या गावात आला. सोबत बैलगाडीवर लोखंडी कढया, एकेक एवढी मोठी की आत माणूस झोपावा.

चावडीवर गाव जमलं. कारभारी म्हणाला, "रोजचं दूध भट्टीवर द्यायचं. बदल्यात बायकांना लुगडी, घराला पितळेची भांडी, आणि पाटलांना दरबारात बसायला जागा."

पाटील म्हणाला, "सगळं ठीक आहे, पण आमच्या गावात ताक विकत नाहीत. पूर्वापार नेम आहे."

कारभारी हसला. "ताक मागतोय कोण, पाटील? मी दूध मागतोय. दुधाचा काही नेम आहे का तुमच्यात?"

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. दुधाचा काहीच नेम नव्हता. दूध विकायला कधी कुणी आलंच नव्हतं, तर नेम कशाला असेल?

पाटलाचा चेहरा खुलला. "म्हणजे नेम काही मोडत नाही."

मागून म्हाळसा उठली. "पाटील, दूध गेल्यावर ताक कुठून आणणार? कढई पिळून?"

लोक हसले. पाटीलही हसला. "म्हाळसे, तुझ्या घरी म्हैस नाही. तुला काय कळतंय त्यातलं?"

"माझ्या घरी म्हैस नाही, म्हणूनच ताक कशानं होतं ते मला कळतं," म्हाळसा म्हणाली. "तुम्हाला नुसतं लोणी कशानं होतं तेवढंच ठाऊक."

पण तिचं कोण ऐकतो? नेम मोडला नाही, या एका गोष्टीवर गाव खूश होतं. माणसाची जात अशीच आहे. नेम कशासाठी होता ते विसरायचं आणि तो मोडला नाही म्हणून मान ताठ करायची.

भट्ट्या पेटल्या. पहिले काही दिवस मजेत गेले. बायका म्हणाल्या, बरं झालं, घुसळणं सुटलं. पण पहाट झाली की त्यांचे हात आपसूक दोरी शोधायला लागत. घुसळखांब रिकामा दिसला की उगाच दारात येऊन उभ्या राहत. दारात कुणी भांडं घेऊन येत नसे. मग आत जात, पुन्हा बाहेर येत. काही चुकतंय असं वाटे, काय ते सांगता येत नसे. रेडकं ओरडत, कारण त्यांच्या वाटचं दूधही कढईत जात होतं. डोण्यांमध्ये आधी धूळ बसली, मग कोंबड्या.

आणि लाकूड. दूध आटायला किती लाकूड लागतं, ते चुलीपाशी बसलेल्या बाईला विचारा, दरबारात बसलेल्याला नको. पाच शेर दूध आटतं तेव्हा कुठं शेरभर खवा होतो, आणि तोवर भट्टी विझू द्यायची नाही. शिवारातली वाळकी लाकडं महिन्याभरात संपली. मग बांधावरच्या बाभळी गेल्या. मग एक दिवस पाटलानं सांगितलं, "कुरणातली झाडं तोडा."

कुऱ्हाड घेऊन पहिला कोण आला? सटवा कुंभार आला. तो आणि त्याची म्हातारी आई ठकूबाई, दोघंच घरात. इतकी वर्षं सटवा डेरे घडवायचा आणि म्हाळसाबरोबर कुरण राखायचा.

म्हाळसा वाटेत आडवी उभी राहिली. "सटवा, तू? वणव्याला पट्टा करायला तुझा बाप यायचा माझ्याबरोबर."

सटवा खाली बघून म्हणाला, "काकी, घुसळायचंच बंद झालं, आता डेरा कोण घेतो? डोणीत ताक नाही. म्हातारीला कोरडी भाकरी गिळवत नाही. लाकूड वाहिलं की कढईची खरवड देतात. पोटाला काय घालू ते तू सांग."

आयुष्यात पहिल्यांदाच म्हाळसा बाजूला झाली. लोक म्हणतात ती हरली. ती हरली नव्हती. भुकेल्या माणसाशी भांडायचं नसतं, एवढं तिला कळत होतं. भांडण कुणाशी आहे ते तिला अजून नीट दिसत नव्हतं, आणि त्यामुळं ती तळमळत होती. दिवसभर कुरणाच्या कडेनं फेऱ्या मारी. एक झाड पडलं की तिथं जाऊन उभी राही, दुसरं पडलं की तिथं धावे.

झाडं गेली तशी कुरणाची राखणही गेली. राखणारे सगळे लाकडं वाहत होते. जनावरं भर पावसाळ्यात आत शिरली आणि गवत बी धरायच्या आधीच खाऊन गेली. उन्हाळा आला तेव्हा ओढ्यात बोट बुडेल एवढंही पाणी नव्हतं.

एक म्हातारी म्हैस उघड्या जमिनीला तोंड लावून उभी होती. म्हाळसाला बघून ती म्हणाली, "माझं दूध उकळायला माझंच रान जाळलंत. आता दूध मागायला याल, तेव्हा मी काय देऊ?"

म्हैस बोलली कशी, म्हणून विचारू नका. गावातली सगळी माणसं गप्प बसली की म्हशीलाच बोलावं लागतं.

"हे तू पाटलाला सांग की," म्हाळसा म्हणाली.

"सांगितलं. तो म्हणाला, म्हैस आटली, विकून टाका."

त्याच दिवसांत ते घडलं. लाकूड जवळ मिळेना, म्हणून सटवा इतरांबरोबर लांबच्या डोंगरात गेला. तीन दिवस लागले. मागं ठकूबाई तापानं पडली. पूर्वी ती रोज सकाळी पाटलाच्या डोणीवर यायची. एक दिवस आली नसती तर पाटलीणबाईनं विचारलं असतं, ठकू का दिसली नाही गं? कुणीतरी डोकावलं असतं, पेज करून घातली असती. आता डोणीवर कुणीच येत नव्हतं, तर कोण आलं नाही ते कुणाला कळणार? म्हाळसा कुरणात झाडं मोजत फिरत होती. तिलाही कळलं नाही.

सटवा मोळी घेऊन परत आला तेव्हा आई गेलेली होती. हाताशी रिकामं गाडगं होतं.

माती झाली. स्मशानातून परत येताना सटवा आपल्या दाराशी थांबला आणि इकडंतिकडं बघत राहिला. म्हाळसानं विचारलं, "काय शोधतोस?"

"डोणी," तो म्हणाला. "पालथी काय घालू, काकी? आमच्या दारात डोणीच नाही."

म्हाळसानं दारोदारच्या रिकाम्या डोण्यांकडं बघितलं. मग म्हणाली, "पहार आण."

आणि त्या दोघांनी, एका सकाळी, गावातली प्रत्येक डोणी पालथी घातली. दगड जड होते. कोंबड्या फडफडत उडाल्या. बायका दारात आल्या, पण एकीनंही अडवलं नाही. पाटलीणबाई तर पुढं झाली आणि स्वतःच्या दारातल्या डोणीला तिनं स्वतःच हात लावला. "ठकूचं ताक मी रोज हिच्यात ओतत होते," एवढंच ती म्हणाली.

पाटील धावत आला. "म्हाळसे, हे काय मांडलंस? आज महाराज येताहेत. दूध का कमी येतं ते बघायला स्वतः येताहेत."

"येऊ देत की," म्हाळसा म्हणाली. "डोण्या काही पळून जात नाहीत."

राजा आला. वेशीतून आत पाऊल टाकलं आणि थांबला. उजवीकडं पालथी डोणी, डावीकडं पालथी डोणी, नजर जाईल तिथवर पालथ्या डोण्या. त्यानं असं गाव कधी बघितलं नव्हतं. राजा पोकळ मानाला भुलणारा होता, पण वाईट नव्हता. घोड्यावरून उतरला, जोडे काढले आणि दबकत विचारलं, "कोण गेलं?"

पाटील पुढं झाला. "कुणी नाही, महाराज. म्हणजे एक कुंभारीण गेली, वय झालं होतं. बाकी हा या म्हातारीचा चावटपणा आहे."

"महाराज," म्हाळसा म्हणाली, "तुमच्या पेढ्यात किती लाकूड आहे, तुम्हाला ठाऊक आहे?"

"पेढ्यात लाकूड कुठं असतं, बाई?"

"वर बघा."

राजानं वर बघितलं. कुरण होतं तिथं तांबडी उघडी टेकडी होती आणि बुंधेच बुंधे.

"ते तुमच्या पेढ्यात आहे," म्हाळसा म्हणाली. "ओढा होता, तो पण त्यातच आहे. रेडकांचं दूध त्यात आहे. आणि आमची ठकू त्यात आहे. पाटील म्हणतो वय झालं होतं. वय तर माझंही झालंय. तिच्या दारात पालथी घालायला डोणी नव्हती, म्हणून ज्यांच्या दारातून तिचं ताक गेलं त्यांच्या दारात सुतक धरलंय."

कारभारी हळूच म्हणाला, "पण भट्टी तरी पेटवू दे. दरबारचा उत्सव आठ दिवसांवर आलाय, पेढे लागतील."

पाटलीणबाई म्हणाली, "सुतकात चूल पेटत नाही, कारभारी, आणि तुम्ही गोड करायला निघालात? नेम आहे आमचा. तुम्हाला तर नेमाचं फार."

"मग डोण्या सरळ करा," राजा म्हणाला. "काय लागतं त्याला?"

"दहा दिवस आणि शेजारच्या दारचं ताक," म्हाळसा म्हणाली. "पण या गावात आता शेजारी कुणी उरला नाही, सगळीकडं सुतक. तुमच्या मुलखातल्या दुसऱ्या गावांत बघा, तिथंही कढयाच आहेत. राजवाड्यात असेल ताक, तर आणा."

राजवाड्यात ताक नव्हतं. त्यानं स्वतःच बंद केलं होतं. आणि खरी गोम पुढं होती. साऱ्या मुलखात कुणाकडं चमचाभर विरजणही उरलं नव्हतं. कालच्या दह्यानं आजचं दही लागतं, असं किती पिढ्या चाललेलं, आणि एका वर्षात तुटलेलं. म्हशीचं दूध समोर असून त्याचं ताक करता येईना.

"शेजारच्या राज्यात जावं लागेल," म्हाळसा म्हणाली. "आणि सुतकाचं ताक नोकरानं आणलेलं चालत नाही. ज्यानं दूध नेलं त्यानं आणायचं, आणि ज्यानं नेऊ दिलं त्यानं सोबत जायचं. अनवाणी."

आता राजा हुकूम काढून म्हातारीला गप्प करू शकला असता. पण बुंध्यांना हुकूम कसा देणार? त्यानं लोटा घेतला. पाटलानं दुसरा घेतला.

तीन दिवस ते चालले. पाटलाचे पाय फुटले आणि राजाचेही, तेव्हा दोघं पहिल्यांदा सारख्या उंचीनं बोलले. चौथ्या सकाळी ते शेजारच्या राजाच्या वाड्याशी पोचले. बघतात तर वाड्याच्या दारात भांडी घेतलेल्या माणसांची रांग, आणि ओसरीवर तो राजा बसलेला, पुढ्यात भाकरी आणि वाडगाभर ताक.

आपल्या राजानं लोटा उपरण्याखाली दडवला.

ताक वाढणारी बाई खेकसली, "ताकाला आलास आणि भांडं लपवतोस? काढ बाहेर. मागं लोक खोळंबलेत."

ओसरीवरच्या राजानं ओळखलं. उठून आला, हात धरून बसवलं. आपल्या राजाला राहवेना. "तुम्ही ताक पिता? मग ते पेढे?"

"पेढे होय?" तो राजा म्हणाला. "ते बाहेर पाठवायला. वर्षाकाठी एक करंडी. रोज कोण खातो? एवढं लाकूड कुठून आणायचं?"

"आणि तुमचा वकील आमच्या ताकाला हसला तो?"

"हसला असेल. घरची आठवण आली असेल त्याला."

ते ऐकून आपला राजा वाढलेलं ताक प्यायला, दोन्ही लोटे भरून घेतले आणि परतीच्या वाटेला लागला. या खेपेला लोटा त्यानं सगळ्यांना दिसेल असा हातात धरला होता.

अकराव्या दिवशी गाव जमलं. तोवर त्या लोकांनी एक गोष्ट केली होती. एक नवी डोणी घडवून सटवाच्या दारात बसवली होती, त्याच्या घरी म्हैस नसताना. पहिलं ताक म्हाळसानं तिच्यात ओतलं. मग एकेक करत सगळ्या डोण्या सरळ झाल्या. उरलेल्या ताकाचं विरजण घरोघर गेलं. दुसऱ्या दिवशी फटफटताच रव्या पुन्हा फिरल्या, पण म्हशी थोड्या उरल्या होत्या आणि आटलेल्या होत्या. त्या सकाळी डोण्या तळालाच भिजल्या.

राजानं भट्ट्या बुजवल्या. दरबारात पुन्हा ताक आलं, आणि सरदारांची तोंडं आंबट झाली ती काही ताकानं नव्हे. कढया गावातच पडून राहिल्या, त्यांत रेडकं पाणी पितात.

कुरणाचं म्हणाल, तर गवत दोन पावसांत आलं. झाडं नाही आली. म्हाळसा आणि सटवा दर पावसाळ्यात अंजनाचं, धावड्याचं बी पेरत राहिले. सटवा एकदा म्हणाला, "काकी, बघ, गुडघ्याएवढं झालं." म्हाळसा म्हणाली, "मला झाड पाहिजे होतं रे, गुडघा नको." जसंच्या तसं पुढच्या हाती द्यायचं होतं, ते तिला देता आलं नाही. त्या झाडांची सावली न बघताच ती गेली. त्या दिवशीही गावातली प्रत्येक डोणी पालथी झाली, आणि ते कुणाला सांगावं लागलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात धरा: ताटात काय आलं ते सगळेच बघतात, पण ते येण्यासाठी कुणाचं रान जळलं आणि कुणाचं ताट रिकामं झालं, हे जो बघतो त्यालाच अन्न पचतं.